‘आत्याचाच मुलगा आहे, लग्न लावून टाकू’

प्रश्न : मी १९ वर्षांची, सांगलीत हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते. गाव तासगाव तालुक्यात. दिवाळीच्या सुट्टीत द्राक्षबागेच्या शेडवर आत्याच्या मुलाने माझ्यावर जबरदस्ती केली. आईला सांगितलं तर म्हणाली, "ताईची सुपारी फुटलीय, तोंड उघडू नको." आता घरात चाललंय, परीक्षा झाली की आमचं दोघांचं लग्न लावायचं. पाळी आली. पण गावातल्या डॉक्टरांकडे जाता येत नाही, ते चुलत्यांचे दोस्त. दीड महिना झाला, कपडेही धुतले. आता तक्रार घेतील का?

उत्तर : आधी लग्नाचं. ठाम नाही म्हण. लग्न लावल्याने गुन्हा मिटत नाही, बलात्कारात आपसातली तडजोड कायद्याला चालत नाही. उलट उद्या नवरा म्हणून त्याने पुन्हा तेच केलं, तर अठरा वर्षांवरच्या बायकोच्या बाबतीत आपला कायदा त्याला बलात्कार धरतच नाही. आज तुझ्या हातात जे आहे, तेही जाईल. आईला हे एवढं तरी ऐकव.

तक्रार दीड महिन्यानेही घेतात, कपडे धुतले असले तरी. त्यासाठी तासगावला जायला नको. सांगलीतल्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तिकडे पाठवतात. जबाब महिला अधिकारी घेते, तू म्हणशील तिथे येऊन. पेपरात तुझं नाव छापणं हाच गुन्हा आहे.

आता तपासणीचं. गावात नको, सरकारी दवाखान्यात जा. मी तिथे सिस्टर होते. केसपेपरच्या खिडकीवर मागे रांग आणि आतून मोठ्याने प्रश्न, "काय होतंय?" पोरी तिथूनच परत फिरतात. तू फक्त ‘स्त्रीरोग’ म्हण, बाकीचं आत डॉक्टरांना सांग. तू सज्ञान आहेस, घरच्यांची सही लागत नाही. दवाखाना पोलिसांना कळवतो, हे माहीत असू दे; पण तपासणीला नाही म्हणायचा हक्क तुझा. दोन बोटांची तपासणी (योनीत बोटं घालून ‘सवय’ आहे का बघणं) सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पुन्हा खडसावून मना केली आहे, कुणी करू लागलं तर हात धर. एचआयव्हीची तपासणी आता कर आणि घटनेला तीन महिने झाले की परत. (दुसऱ्या कुणावर असं ओढवलं तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळायची औषधं तेवढ्याच वेळात सुरू करता येतात; गर्भ राहू नये म्हणून गोळीही तेवढ्यात घेतलेली उत्तम, पण पाच दिवसांपर्यंत देता येते. खाजगीतही हे उपचार फुकट द्यावे लागतात.)

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. काही सुचेनासं झालं तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर, जाताना एखादी मैत्रीण बरोबर घे. ताईच्या सासरी काय सांगायचं ते आईने बघावं.