कॅलिफोर्नियात एच-४ ईएडीवरची नोकरी गेली आहे. बेरोजगारी विम्याचा दावा करता येईल का, आणि कसा करावा?

आपला प्रश्न असा आहे: आपण सॅन होजेत एच-४ ईएडीवर, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरील व्यक्तीच्या जोडीदाराला मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करत होतात, गेल्या आठवड्यात ले-ऑफमध्ये, म्हणजे कंपनीने केलेल्या कर्मचारीकपातीत, ती गेली, कंपनीने सेव्हरन्स, म्हणजे नोकरी संपताना द्यायची रक्कम, दिला आहे, पतीमार्फत केलेला ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित आहे, आणि पुढच्या महिन्यात भारतात जाण्याचा विचार आहे. अशा स्थितीत राज्याकडून बेरोजगारीचे पैसे मागावेत का, मागितल्यास ग्रीन कार्डात अडथळा येईल का, आणि सेव्हरन्स संपेपर्यंत थांबावे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझे उत्तर असे की पैसे मागावेत, आणि याच आठवड्यात मागावेत. मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को-सॅन होजेच्या परिसरात, राहतो, या प्रक्रियेतून स्वतः गेलो आहे आणि नंतर ओळखीच्या बऱ्याच मराठी कुटुंबांबरोबर बसून हे अर्ज भरले आहेत. मी वकील नाही, त्यामुळे व्हिसासंबंधीचा भाग आपल्या इमिग्रेशन वकिलांकडून तपासून घ्यावा.

आधी संकोचाविषयी लिहितो, कारण माझ्या पाहण्यात अर्ज न करण्याचे सर्वांत मोठे कारण तेच आहे. हे पैसे सरकारने गरजूंना दिलेली मदत नसून विम्याची रक्कम आहे. आपण नोकरीत असताना कंपनी प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षातील पहिल्या ७,००० डॉलर वेतनावर या विम्यासाठी राज्याला कर भरत असते. पगारचिठ्ठीवर एसडीआय नावाची जी कपात दिसते ती आजारपणाच्या विम्याची असते. बेरोजगारी विम्यासाठी कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याच्या पगारातून काहीही कापले जात नाही. या व्यवस्थेचा पाया १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने घातला गेला असला, तरी नियम आणि रकमा प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. न्यू जर्सीत तर कर्मचाऱ्याच्या पगारातूनही वर्गणी घेतली जाते. म्हणून तिथल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या नातेवाइकांचा अनुभव इथे लावू नये.

ग्रीन कार्डच्या भीतीचेही तसेच आहे. अर्जदार सरकारवर भार होईल का हे ठरवताना बेरोजगारी विमा २०१९ च्या कडक नियमातही मोजला गेला नव्हता आणि २०२२ च्या नियमातही नाही, कारण तो काम करून मिळवलेला हक्क मानला जातो. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी असते. दावा करणाऱ्याला त्या आठवड्यात काम स्वीकारण्याची कायदेशीर मुभा असावी लागते. आपल्या ईएडीवर कोणत्याही कंपनीत काम करता येते, त्यामुळे कार्डाची मुदत चालू आहे तोवर ही अट पूर्ण होते. मुदत कधी संपते ती तारीख मात्र आजच पाहून ठेवावी. एच-१बी व्हिसावरील व्यक्तीला नव्या कंपनीने अर्ज केल्याशिवाय दुसरीकडे काम करता येत नाही आणि तिच्या हाती जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते, म्हणून तिचा दावा बहुधा याच अटीवर अडतो. उद्या आपल्या पतींवर ही वेळ आली, तर आपले उदाहरण त्यांना लागू पडणार नाही.

रकमेबद्दल फार आशा ठेवू नये. आठवड्याला किमान ४० आणि कमाल ४५० डॉलर मिळतात, आणि ही कमाल मर्यादा २००५ पासून वाढलेली नाही. बे एरियातील घरभाडे त्यानंतर कुठे गेले ते आपण जाणताच. अर्ज ज्या तिमाहीत केला, तिच्या आधीच्या पूर्ण झालेल्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार तिमाहींचे वेतन पाहतात आणि त्यांतील सर्वाधिक वेतनाच्या तिमाहीवरून आठवड्याची रक्कम ठरवतात. त्या तिमाहीत ११,६७४ डॉलरांपेक्षा अधिक वेतन मिळाले असेल, तर कमाल रक्कम मिळते. एका वर्षाच्या मुदतीत पूर्ण दराने जास्तीत जास्त २६ आठवडे, म्हणजे एकूण ११,७०० डॉलर.

आता सेव्हरन्स. तो संपेपर्यंत थांबणारे लोक मला सतत भेटतात, आणि त्यामागे बहुतेकदा दुसऱ्या राज्यातील नियमांची ऐकीव माहिती असते. कॅलिफोर्नियात सेव्हरन्समुळे सहसा ही रक्कम कमी होत नाही. अर्जात विचारले आहे तिथे तो नमूद करावा आणि निर्णय ईडीडीवर, म्हणजे राज्याच्या एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंटवर, सोडावा. कामावरचा शेवटचा दिवस आणि पगारपत्रकावरचा शेवटचा दिवस वेगळे असतील, तर दोन्ही तारखा कंपनीच्या पत्रातून जशाच्या तशा द्याव्यात. उशीर केल्यास खरे नुकसान होते, कारण दावा ज्या आठवड्यात अर्ज केला त्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो आणि सबळ कारणाशिवाय मागील तारखेपासून धरला जात नाही. शिवाय पहिला पात्र आठवडा प्रतीक्षेचा असतो. त्याचे पैसे मिळत नाहीत, पण त्याचीही माहिती भरावीच लागते.

अर्ज ईडीडीच्या संकेतस्थळावर मायईडीडी खाते उघडून करता येतो. त्याआधी सोशल सिक्युरिटी क्रमांक, ड्रायव्हिंग लायसन्स, ईएडी कार्ड, गेल्या १८ महिन्यांतील सर्व कंपन्यांची नावे, पत्ते, कामाच्या तारखा व वेतन, आणि शेवटच्या आठवड्यात रविवारपासून अखेरच्या दिवसापर्यंत मिळवलेले एकूण वेतन हे सारे समोर ठेवून बसावे. नोकरी सुटण्याचे कारण ‘ले-ऑफ’ एवढेच निवडावे. तिथे व्यवस्थापकाशी झालेल्या मतभेदांचा इतिहास लिहिण्याचा मोह काहींना होतो. त्यातून साध्या प्रकरणाला चौकशीचे वळण लागते.

मराठी माणसांच्या बाबतीत एक अडचण वारंवार येते ती नावाची. पासपोर्टवर स्वतःचे आणि पतीचे किंवा वडिलांचे नाव मिळून पहिले नाव झालेले असते, सोशल सिक्युरिटी कार्डावर मधले नाव वेगळे पडलेले असते, आणि कंपनीच्या नोंदीत ते गळालेले असते. ओळख पडताळणी, जी बहुतेकांना आयडी डॉट मी या सेवेतून करावी लागते, अशा विसंगतीमुळे रखडू शकते. अर्जात सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तेच नाव द्यावे, इतर नावांनी काम केले असल्यास तीही विचारलेल्या जागी लिहावीत, आणि कागदपत्रे मागवली तर विवाहाचा दाखला व पासपोर्ट दोन्ही जोडावेत.

अर्जानंतर टपालाने कागद येऊ लागतात आणि त्यांतील एक हमखास गैरसमज निर्माण करतो. त्यात तिमाहीवार वेतन आणि आठवड्याची संभाव्य रक्कम छापलेली असते. ती वाचून लोक दावा मंजूर झाला असे समजतात. ते फक्त वेतनाचे गणित असते, पात्रतेचा निर्णय नव्हे. त्यातले आकडे आपल्या डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या वार्षिक वेतनाच्या फॉर्मशी, आणि पगारचिठ्ठ्यांशी ताडून पाहावेत आणि एखादी कंपनी गळाली असेल तर लगेच कळवावे. दुसरीकडे आपल्या कंपनीलाही सूचना जाते आणि तिला उत्तरासाठी दहा दिवस असतात. बहुतेकांना कॅलजॉब्स या राज्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करून रेझ्युमे टाकण्यासही सांगितले जाते, तेही २१ दिवसांच्या आत. मार्गदर्शन बैठकीचे बोलावणे आले तर ते ऐच्छिक समजू नये.

यापुढे दर दोन आठवड्यांनी ईडीडीला त्या आठवड्यांची माहिती भरून द्यायची असते, आणि दावे बिघडतात ते बहुधा इथेच. प्रत्येक आठवड्यासाठी तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात: आजारपणामुळे काम करता आले नाही का, अन्य कोणत्या कारणाने पूर्णवेळ काम स्वीकारता आले नसते का, काम शोधले का, आलेले काम नाकारले का, शिक्षण किंवा प्रशिक्षण सुरू केले का, आणि काही काम केले किंवा पैसे मिळवले का. घाईत एक खूण चुकली तरी पैसे थांबतात आणि फोनवरील मुलाखतीची तारीख लागते. दुसरा प्रश्न विशेष लक्ष देऊन वाचावा. मुलाला सांभाळायला कोणी नसल्यामुळे त्या आठवड्यात काम आले असते तरी घेता आले नसते, अशी स्थिती असेल तर तसेच सांगावे लागते. काम शोधल्याची वही ठेवावी: तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा केला आणि पुढे काय झाले.

मधल्या काळात थोडे कन्सल्टिंग किंवा शिकवणी केली, तर ती मिळकत पैसे हाती येतील त्या आठवड्यात नव्हे, काम केले त्या आठवड्यात आणि कर कापण्यापूर्वीच्या आकड्याने दाखवावी. त्यातील २५ डॉलर किंवा एकचतुर्थांश, यांपैकी जे अधिक असेल ते सोडून उरलेली रक्कम वजा होते. उदाहरणार्थ २०० डॉलर मिळाले तर ५० सोडले जातात, १५० वजा होतात आणि ४५० ऐवजी ३०० मिळतात. वजा झालेली रक्कम आपल्या एकूण हक्कातच शिल्लक राहते, त्यामुळे लपवण्यात काही लाभ नाही. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास जास्तीची रक्कम परत करावी लागते, तिच्यावर ३० टक्के दंड बसतो आणि पुढचे काही आठवडे अपात्रता येते. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असलेल्या कुटुंबाने कशाला भ्यायचे असेल तर ते याला.

मुलाखतीचा फोन अनोळखी क्रमांकावरून येऊ शकतो, त्यामुळे ठरलेल्या वेळी फोन घ्यावा आणि विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. निर्णय विरुद्ध गेला तर पत्रावरील टपालाच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येते. ते न्यायाधीशासमोर चालते आणि गरज असल्यास दुभाषी विनामूल्य मिळतो. अपील चालू असताना दर दोन आठवड्यांची माहिती भरणे थांबवू नये. पुढे निकाल बाजूने लागला तरी ज्या आठवड्यांची माहितीच भरलेली नाही, त्यांचे पैसे मिळणार नाहीत.

या रकमेवर कॅलिफोर्नियाचा आयकर नाही, पण केंद्राचा आहे. जानेवारीत, मिळालेली रक्कम दाखवणारा १०९९-जी हा कराचा फॉर्म मिळतो. आधीच १० टक्के कापून घेण्याचा पर्याय आहे, आणि पतींचा पगार चालू असल्यामुळे आपण तो निवडावा असे माझे मत आहे.

भारतात जाण्याविषयी: जे आठवडे आपण तिथे असाल, त्या काळात इथले काम लगेच स्वीकारण्यास आपण उपलब्ध नसता, म्हणून त्या आठवड्यांचे पैसे मागू नयेत. पुण्यात बसून फोनवरून ‘उपलब्ध आहे’ अशी खूण करणारे लोक मी पाहिले आहेत. प्रवासाच्या नोंदी सरकारकडेच असतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही. जाण्याने हक्क बुडत नाही. परत आल्यावर त्याच आठवड्यात खात्यात जाऊन दावा पुन्हा सुरू करावा, म्हणजे वर्षाच्या मुदतीत शिल्लक असलेली रक्कम पुढे मिळू लागते.