डेक-कुंपणाच्या कामासोबत किरकोळ दुरुस्ती घ्यावी का?

हो, जरूर घ्या. डेक (घराला लागून असलेला लाकडी ओटा) धुऊन स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारायला गेलात की एखादी कुजलेली फळी, वर आलेले खिळे, लोंबकळणारं फाटक दिसतंच. ते तसंच ठेवून वरून रंग चढवला, तर पुढे बोल तुम्हालाच लागणार.

सुरुवातीला एवढं पाहा:

- दर सांगण्याआधी स्क्रूड्रायव्हरचं टोक लाकडात खुपसून बघा, विशेषतः खांबाच्या बुडाशी आणि फळ्यांच्या टोकांना. सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय.
- वर आलेला खिळा पुन्हा ठोकू नका, तो परत वर येतो. काढून स्क्रू लावा. कूज-कीड लागू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या लाकडात बहुधा तांब्याची संयुगं असतात, त्यात साधं लोखंड लवकर गंजतं. म्हणून जस्ताचा जाड थर दिलेले (गॅल्वनाइज्ड) किंवा स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू घ्या.
- नव्या फळीवर पाण्याचा थेंब टाका. मुरला नाही तर स्टेनची घाई नको.

नवशिक्यांचं खरं नुकसान होतं ते दरात. ‘एवढं करून देतो’ म्हणता म्हणता अर्धा दिवस फुकट जातो. दुरुस्ती वेगळी लिहा, फळीमागे दर ठरवा. फळी उचलल्यावर आत आणखी कूज सापडली, तर फोटो दाखवून, विचारून, मगच जादा काम. हे आधीच कागदावर असू द्या.

घराच्या भिंतीला डेक जोडणारी तुळई, खालचे वासे, जिना, कठडा यांना सध्या हात लावू नका. तिथली चूक माणसाच्या जिवावर बेतते. ते काम अनुभवी सुताराकडे पाठवा. बरेचदा तोही तुमच्याकडे रंगकाम पाठवतो.