पहिली स्प्रिंट ट्रायथलॉन १२ आठवड्यांवर आली आहे, पोहणं कच्चं आहे. महिलांनी तयारी कशी करावी?

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किमी सायकल, ५ किमी धावणं. सलग २०० मीटर पोहता येत असेल तर १२ आठवडे पुरतात. येत नसेल तर पुढची स्पर्धा धरा.

आठवड्याला तीनदा पोहा, सायकल आणि धावणं दोन-दोनदा. तलावात दम लागतो तो बहुधा पाण्यात श्वास रोखून धरल्यामुळे. तोंड पाण्यात असताना सतत श्वास सोडत राहा. उघड्या पाण्यात (तळं, नदी, समुद्र) तळाची रेघ दिसत नाही, म्हणून दर ६-८ हातांनी डोकं उचलून बोया (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) बघायची सवय आधीच लावा. थकलात तर ब्रेस्टस्ट्रोक चालतो.

पाचव्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकदा ४० मिनिटं सायकल आणि उतरल्याबरोबर १० मिनिटं धावणं. पहिला किलोमीटर पाय जड लागतात, ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कळू नये.

कपड्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. ओल्या अंगावर स्पोर्ट्स ब्रा चढत नाही. ती ट्रायसूटच्या (पोहणं, सायकल, धावणं तिन्हींत अंगावर राहणारा घट्ट पोशाख) आत सुरुवातीपासूनच घाला. आत निकर नको, शिवणीने मांड्या सोलवटतात. ब्राच्या पट्ट्याखाली आणि काखेत व्हॅसलीन. सायकलवर पुढचा नाजूक भाग दुखत असेल तर सीटचं टोक किंचित खाली करा. जाड जेल कव्हरने दाब उलट वाढतो. पाळी त्याच दिवशी येणार असेल तर कप किंवा टॅम्पॉन सरावातच वापरून बघा.

आणि सायकल स्टँडवरून काढण्याआधी हेल्मेटचा पट्टा लावा, नाहीतर दंड बसतो.