वाचक विचारतात : क्रूझर आवडलीय, पण पॉवरचं काय?

या महिन्यात क्रूझरवरच एवढे प्रश्न आलेत की टायर आणि इन्शुरन्सचे सगळे पुढच्या अंकात घेतो, आज फक्त क्रूझर, म्हणजे पाय पुढे टाकून बसायची लांब, बसकी मोटरसायकल.

प्रश्न : दादा नमस्कार. मी सांगलीचा, वय ३६. रोजचं जाणं-येणं वीस-पंचवीस किलोमीटर, आणि महिन्यातनं एकदा बायकोला घेऊन पुण्याला सासरी नाहीतर आंबा घाट उतरून रत्नागिरीला. रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० मला मनापासून आवडलीय, पण मित्र म्हणतात २० हॉर्सपॉवरसाठी एवढे पैसे घालतोस होय, थोडे अजून टाकले तर चाळीस हॉर्सपॉवरची गाडी येते. तिची मोठी बहीण सुपर मिटिऑर ६५० साठी वर्षभर थांबू का? का क्रूझरचा नादच सोडून देऊ?

उत्तर : मित्रांचा आकडा बरोबर आहे, त्यात वाद नाही. मिटिऑर ३५० ला २०.२ बीएचपी आहे, आणि चाकणला बनणाऱ्या ट्रायम्फ स्पीड ४०० ला ४० पीएस, दोन्ही हॉर्सपॉवरचीच मापं. पण ही पॉवर कुठल्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना, मिळते ते पण बघा ना. स्पीड ४०० चे चाळीस येतात ८००० आरपीएमला, आणि तुम्ही सांगली ते पुणे बायकोला मागे बसवून आठ हजारावर गाडी चालवणार आहात का? मिटिऑरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, २७ न्यूटन मीटर, तो येतो ४००० ला, आणि त्या ४००० वर हिशोब केला तर साधारण १५ हॉर्सपॉवर तुमच्या हातात असते, म्हणजे इंजिन न ओरडता, न थरथरता जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद तिथेच मिळून जाते. तुम्हाला गाडी शोरूममध्ये आवडली असेल तर त्यात या संथपणाचा मोठा वाटा आहे, नुसता गोल हेडलाइट आणि टाकीचा नाही.

दुसरं, आपण चालवतो कुठे? पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर दुचाकी बंद, समृद्धीवर पण बंद. राहिला तुमचा कोल्हापूर-पुणे हायवे, तिथं केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मोटरसायकलला ८० ची मर्यादा आहे आणि कागल-सातारा सहापदरीच्या कामाची डायव्हर्जन्स लागली की ऐंशी पण निघत नाही. शिवाय हवा. क्रूझरवर माणूस छाती उघडी ठेवून, हात पसरून, पाय पुढे टाकून बसतो, आणि हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ८० वरून १०० ला गेलात की जवळपास दुप्पट लागते. शंभरच्या पुढे मिटिऑरमध्ये दम उरत नाही हे खरंच आहे, पण त्याच्या आधीच हवेने तुमचे खांदे आणि मान दमलेली असते, कारण अशा बसण्यात हँडल धरून स्वतःला पुढे ओढून ठेवावं लागतं. तुमच्या गाडीत साठ हॉर्सपॉवर टाकली तरी ते तसंच राहणार.

आता जिथं कमी पडेल ते पण सांगतो. आंबा घाटात डबलसीट, मागे बॅग, पुढे ऊसाचा किंवा बॉक्साइटचा ट्रक, आणि तुम्हाला पन्नासवरून ऐंशीला पटकन जायचंय, तिथं मिटिऑर वेळ घेते. १९१ किलोची गाडी, त्यावर तुम्ही दोघं आणि सामान धरून दीडशे किलो, म्हणजे टनाला ५९ च्या आसपास बीएचपी. सुपर मिटिऑर २४१ किलोची, तोच दीडशे किलो बोजा धरला तर टनाला ११८, बरोब्बर दुप्पट. हा फरक खरा आहे आणि चढावर तो जाणवतोच. पण सुपर मिटिऑर घेतली की रोजच्या त्या वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये मार्केट यार्डच्या गर्दीत पन्नास किलो जास्तीचे ओढायचे, पार्किंगमधून मागे ढकलायचे, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीला १८ टक्के जीएसटी झालाय आणि त्याच्या वरच्या सगळ्यांना ४०, तेव्हा दोघींच्या किमतीतलं अंतर आधीपेक्षा वाढलंय.

माझं मत विचाराल तर तुम्ही मिटिऑर घ्या आणि आत्ताच घ्या. घाटात ट्रकच्या मागे दोन वळणं जास्त थांबा, बास. हां, वर्षातून चार वेळा राजस्थान किंवा दक्षिणेत डबलसीट लांब जायचं मनात असेल तर मात्र थांबा आणि मोठीच घ्या.

प्रश्न : मी अमरावतीला असतो, सरकारी नोकरीतून रिटायर झालोय. बरीच वर्षं अ‍ॅव्हेंजर २२० वापरतोय, दिसायला आणि बसायला अजून तिच्यासारखी गाडी मला वाटत नाही. पण हल्ली तास-दीड तास चालवली की कंबरेखाली माकडहाडाशी दुखतं. मुलगा म्हणतो क्रूझर म्हणजे आरामाचीच गाडी, तुमचं वय झालं. गाडीत काही दोष असू शकतो का?

उत्तर : काका, दोष गाडीतही नाही आणि वयावर पण सगळं ढकलू नका. या प्रश्नाचं उत्तर मी जरा सविस्तर देतो कारण क्रूझर घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधी वाचावं असं मला वाटतं.

साध्या मोटरसायकलवर पाय बुडाच्या खाली असतात. खड्डा दिसला की आपण नकळत फूटरेस्टवर जोर देतो, बूड सीटवरून दोन बोटं उचलतो आणि दणका गुडघ्यांवर घेतो. क्रूझरवर पाय पुढे. पुढे पाय असताना उठून बघा, उठताच येत नाही, खुर्चीत पाय लांब करून बसलात आणि हात न टेकता उठायचा प्रयत्न केलात तर जे होतं तेच. मग खड्ड्याचा सगळा दणका सरळ माकडहाडात आणि तिथून मणक्यात. सपाट रस्त्यावर हीच बैठक स्वर्ग आहे, पाठ मोकळी, मनगटावर भार नाही. खराब रस्त्यावर तीच अंगावर येते.

आणि त्यात भर म्हणजे मागचे शॉकअप. क्रूझर देखणी कशामुळे दिसते? सीट खाली, मागचं मडगार्ड चाकाला चिकटल्यासारखं, आणि पूर्ण गाडी लांब आणि बसकी. ते तसं दिसायला हवं तर मागच्या चाकाला वर-खाली व्हायला जागाच कमी ठेवावी लागते. एनफिल्डच्याच दोन गाड्या घ्या, सुपर मिटिऑरचं मागचं चाक १०१ मिलिमीटर हलतं, खराब रस्त्यांसाठीच्या हिमालयन ४५० चं २००. जमिनीपासूनची उंची एकीची १३५, दुसरीची २३०. कंपनी तीच, रस्ते तेच. म्हणून मी नेहमी सांगतो की क्रूझरचा देखणेपणा तुमची पॉवर खात नाही, तो मागचे शॉकअप खातो, आणि लोक शोरूममध्ये उभे राहून हॉर्सपॉवरवरच भांडत बसतात.

तुमच्या अ‍ॅव्हेंजरचं बोलायचं तर ती २००५ पासून आपल्याकडे आहे, जुन्या कावासाकी एलिमिनेटरवरून बजाजने काढलेली, आणि सीट ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे बसकीच. आधी पुढच्या गोष्टी करून बघा. शॉकअपच्या स्प्रिंगला खाली टप्पे असतात, मेकॅनिककडे त्याचा वाकडा पाना असतो. बरेच लोक डबलसीटसाठी कडक करून घेतात आणि मग एकटे फिरतात तेव्हा ते तसंच राहतं. तुम्ही एकटेच चालवत असाल तर एक-दोन टप्पे मऊ करून घ्या. टायरमधली हवा एकट्याची आणि डबलसीटची वेगळी असते, चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पंपवाल्याला तेच सांगा, तो अंदाजाने जास्त मारतो. शॉकअपवर तेल आलंय का, बोट फिरवून बघा, आलं असेल तर ते संपलेत, सरळ बदला. सीटचा फोम इतक्या वर्षांनी बसलेला असणारच, चांगल्या सीटवाल्याकडून फोम बदलून घ्या पण कुशन जाड करू नका, कडक आणि सपाट करून घ्या, मऊ सीटमध्ये माणूस रुततो आणि सगळा भार एकाच हाडावर येतो.

एवढं करून पण दुखलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, गाडी नंतर. आणि चाळीस-पन्नास मिनिटांनी चहाला थांबा, परतवाड्याकडे जाताना टपऱ्यांना काय कमी आहे.

प्रश्न : ताईंचा प्रश्न आहे, नाशिकहून. उंची ५ फूट १ इंच, वजन ५२ किलो. स्कूटर चालवते, गिअरची गाडी येते. सगळे म्हणतात उंची कमी आहे तर क्रूझरच घे, पाय टेकतील. बरोबर आहे का?

उत्तर : अर्धं बरोबर आहे ताई. मिटिऑर ३५० ची सीट ७६५ मिलिमीटरवर, आताच्या कावासाकी एलिमिनेटरची ७३५, होंडा रेबेल ५०० ची तर ६९०. पाय टेकतील. पण सीट रुंद असते, मांड्या फाकतात, त्यामुळे आकड्यावरून वाटतं तेवढे सपाट टेकतीलच असं नाही, साडी-ड्रेसच्या चपला नको, ज्या बुटांवर चालवणार तेच घालून बसून बघा.

पाय टेकल्यावर दोन गोष्टी तपासायच्या ज्या कुणी सांगत नाही. पहिली, साइड स्टँडवरून गाडी सरळ उभी करणं, सेल्समनला हात न लावू देता तुम्ही स्वतः करायचं. मिटिऑर १९१ किलो आहे, एलिमिनेटर १७६, आणि हे पंधरा किलो ५२ किलोच्या माणसाला चांगलेच कळतात. दुसरी, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा. बाहेरचा हात किती लांब जातो बघा. काही क्रूझरचं हँडल एवढं रुंद असतं की यू टर्नला बाहेरच्या हाताला ग्रिप सुटायला लागते, खांदा पुढे ओढला जातो आणि नेमका तेव्हाच तोल जातो. लांब गाडीला वळायला जागा पण जास्त लागते, आपल्या गंगापूर रोडवर एका फेरीत यू टर्न होईल अशी अपेक्षा ठेवू नका.

पार्किंग करताना तोंड चढाकडे ठेवा, निघताना गाडी आपोआप मागे येते. तोंड उताराकडे ठेवून लावलीत तर दोनशे किलो एकट्याने मागे ओढता येत नाही, मोठ्या माणसाला पण नाही.

भाड्याने एक पूर्ण दिवस घ्या आणि मग ठरवा. गोव्यात क्रूझर सहज मिळतात पण तिथले रस्ते सपाट आणि अंतरं छोटी, त्यावरून अंदाज येत नाही. नाशिकमधूनच घेऊन त्र्यंबकला जाऊन या, येताना संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये मुद्दाम शहरातून या.

प्रश्न : सुपर मिटिऑर ६४८ सीसी आणि कावासाकी व्हल्कन एस ६४९ सीसी, मग एकीला ४७ पीएस आणि दुसरीला ६१ कसे काय? एनफिल्डचं इंजिन जुनाट आहे म्हणून का? – ठाणे

उत्तर : जुनाट नाही, वेगळ्या कामासाठी आहे. व्हल्कनमध्ये कावासाकीच्याच निन्जा ६५० या स्पोर्ट्स बाइकच्या घराण्यातलं इंजिन आहे, पाण्याने थंड होणारं, ते वर फिरतं म्हणून जास्त पॉवर काढतं. एनफिल्डचं हवा आणि तेलावर थंड होतं, त्याला मर्यादा आहेत. शिवाय युरोपात तरुण चालकांना जे एटू लायसन्स मिळतं त्यात ३५ किलोवॅट म्हणजे साधारण ४७.५ पीएसपर्यंतचीच गाडी चालते, एनफिल्ड बरोब्बर त्याच्या आत बसते, आणि ती गाडी तिकडे पण विकली जाते.

तुम्हाला फरक कळेल घोडबंदरला नाही, कसारा घाटाच्या पुढे रिकाम्या चौपदरीवर. तिथं व्हल्कन सरळसरळ जास्त जोरकस आहे. पण तिची जमिनीपासून उंची १३० मिलिमीटर, पोट घासणारच, आणि सर्व्हिस सेंटर गावोगाव नाहीत. तुम्ही मुंबई-नाशिक-पुणे एवढ्यातच फिरणार असाल आणि बजेट असेल तर व्हल्कन घ्या, बसण्याची उंची-लांबी तुमच्या मापाची करून घेता येते ही तिची मोठी जमेची बाजू आहे. विदर्भ-मराठवाडा आतून फिरायचं असेल तर एनफिल्ड.

प्रश्न : क्रूझरला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावला तर पिकअप वाढतो का? – बारामती

उत्तर : नाही. आवाज वाढतो, दंड होतो, आणि शेजारचं लहान बाळ झोपेतून उठतं. बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या गाडीत पेट्रोलचं माप कंपनीने मूळ सायलेन्सर धरून बसवलेलं असतं, नुसता पाइप बदलून खालच्या आरपीएमचा टॉर्क उलट कमी होऊ शकतो, आणि क्रूझर आपण त्या टॉर्कसाठीच घेतो. तेच पैसे मागच्या चांगल्या शॉकअपवर घाला.