हवेवरच्या पायऱ्या अडल्या तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बसच्या चासीवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन आहे. दाराखालच्या पायऱ्या दाबलेल्या हवेवर चालतात. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी इंजिन चालू करूनही बराच वेळ पायऱ्या हलत नाहीत, नंतर नीट चालतात. मेकॅनिक म्हणतो, ब्रेकच्या टाकीतून थेट लाइन काढू. काढावी का? (गुहागर)

उत्तर : अजिबात नाही. कॉम्प्रेसरची हवा ड्रायरमधून (हा हवेतलं पाणी काढतो) फोर-सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हमध्ये येते. तो हवा चार वेगळ्या मार्गांत, म्हणजे सर्किटांत, वाटतो. तिथून आधी ब्रेकची सर्किटं भरतात, आणि दार, पायऱ्या अशा जादा गोष्टींचा नंबर शेवटी लागतो. म्हणजे सकाळचा उशीर हा काही अंशी गाडीचा शहाणपणा आहे. याच व्हॉल्व्हमुळे पायरीचा पाइप फुटला तरी ब्रेकची हवा राखली जाते. थेट लाइन काढलीत, तर कुंभार्ली घाट उतरताना बोटभर जाडीच्या पाइपवर तुमचे ब्रेक अवलंबून राहतील.

शोधायचं ते हे, की रात्रीत हवा गेली कुठे. संध्याकाळी कॉम्प्रेसर कट-ऑफ होईपर्यंत, म्हणजे टाकी भरून तो आपोआप थांबेपर्यंत, हवा भरा (बहुतेक गाड्यांत हा आकडा ८ बारच्या आसपास असतो; बार हे हवेच्या दाबाचं माप), इंजिन बंद करा, पायऱ्यांच्या लाइनवरचा कॉक बंद करा आणि गेजवरचा आकडा लिहून ठेवा. सकाळी हवा टिकली असेल तर गळती कॉकच्या पुढे, पायऱ्यांकडे आहे. तरीही उतरली असेल तर पायऱ्यांना हात लावू नका, आधी गाडीची लाइन बघा. लाइनवर कॉकच नसेल तर तो आधी बसवून घ्या.

मग साबणाचं पाणी आणि जुना ब्रश. पुश-फिट जोडापासून (पाइप नुसता आत ढकलून बसवतात तो) सुरुवात करा. तिथे पाइप ब्लेडने तिरका कापलेला असतो, म्हणून आतली रबरी रिंग नीट धरत नाही. टोक कटरने काटकोनात कापून पुन्हा खोलवर बसवलं की निम्म्या गळत्या तिथेच थांबतात. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. पीयू (पॉलियुरेथेन) पाइप दोन जातींचा मिळतो. पॉलिएस्टर जातीचा पाइप दमट उष्ण हवेत चिरत जातो, पॉलिईथर जातीचा टिकतो. दुकानात ‘पीयू द्या’ एवढंच म्हटलं तर कुठलाही हातात पडेल. चासीखालच्या लाइनला आम्ही नायलॉनचाच पाइप घालू.

इंजिन न लावता पायऱ्या हव्या असतील, तर जादा सर्किटवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारा) घालून १० लिटरची वेगळी टाकी बसवा. पायरी ढकलणारा ४० मिमी बोअर (आतला व्यास), २०० मिमी स्ट्रोकचा (दट्ट्याची धाव) सिलिंडर ५ बारवर एकदा बाहेर आणि एकदा आत व्हायला साधारण २.८ लिटर मोकळी हवा खातो. टाकी ८ वरून ५ बारवर येईपर्यंत ३० लिटर हवा मिळते, म्हणजे दहाएक फेऱ्या. एका कुटुंबाला तेवढ्या पुरतात.

प्रश्न : बटण दाबलं की ‘टक’ आवाज येतो, पायरी बाहेर येते, पण आत जाताना अर्ध्यावर थांबते. खालून सतत फुसफुस ऐकू येते. सिलिंडर बदलायला सांगितला आहे. (मालवण)

उत्तर : थांबा, सिलिंडर इतक्यात नको. चाकांना उटी (दगड किंवा ठोकळे) लावा आणि पायरीच्या सांध्यात बोटं घालायची असतील तर आधी लाइनची हवा सोडून द्या. सांधा बंद होताना बोट ओळखत नाही.

सोलेनॉइड व्हॉल्व्हवर (विजेच्या कॉइलने चालणाऱ्या व्हॉल्व्हवर) बारीक बटण किंवा स्क्रूची खाच असते, तो हाताने चालवायचा मार्ग. ते दाबून पायरी नीट आत गेली तर दोष विजेचा : वायर, रिले, बटण किंवा कॉइल. तशीच अडखळली तर दोष हवेचा नाहीतर लोखंडाचा. नुसत्या ‘टक’वर विश्वास ठेवू नका. आतून पायलट घेणाऱ्या, म्हणजे लाइनच्याच हवेच्या जोरावर सरकणाऱ्या, व्हॉल्व्हला सरकायला साधारण दीड-दोन बार तरी हवा लागते. त्याखाली कॉइल वाजते, पण आतला स्पूल (हवेची वाट बदलणारा सरकता दांडा) हलत नाही.

आता फुसफुस. पायरी पूर्ण बाहेर असताना हवा बंद करून सोडा, रॉडच्या बाजूचा पाइप सिलिंडरवरून काढा आणि हवा पुन्हा चालू करा. उघड्या पोर्टमधून सतत हवा आली तर पिस्टनचं सील गेलं आहे. पोर्टमधून हवा आली नाही आणि व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमधून (वापरलेली हवा सोडायच्या तोंडातून) ती येतच राहिली तर दोष व्हॉल्व्हचा. सिलिंडर दोषी निघालाच, तरी बहुतेकांचं सील-किट मिळतं.

आत जाताना अडण्याचं साधं गणितही आहे. ४० मिमीचा सिलिंडर ६ बारवर बाहेर ढकलताना सुमारे ७७ किलोचा जोर लावतो. आत ओढताना १६ मिमी रॉडची जागा वजा होते आणि जोर ६५ किलोवर येतो. त्यात पायरी वर उचलायची असते. म्हणून सांध्याचे बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) गंजले, की पहिला त्रास आत जाताना दिसतो. सिलिंडरची पिन काढून पायरी हाताने हलवून बघा. एका हाताने सहज उचलली जात नसेल तर हवेला दोष देऊ नका. व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवरचा सायलेन्सरही उघडून बघा. तांबडी धूळ आणि मीठ मिळून त्याची ढेप होते, मग समोरच्या बाजूची हवा बाहेर पडत नाही आणि पायरी रांगते. गंजाची जागा सापडली नाही म्हणून रेग्युलेटर (पायऱ्यांच्या हवेचा दाब ठरवणारा) ८ बारवर नेणारे बरेच आहेत. त्याने पायरी आत जाईल, पण एखाद्याची नडगीही फुटेल. ५ बार पुरे.

प्रश्न : मेन स्विच बंद केला की पायरी आपोआप आत जाते. बिघाड आहे का? (दापोली)

उत्तर : नाही. तुमचा व्हॉल्व्ह एका कॉइलचा, स्प्रिंगवर परतणारा आहे. वीज गेली की तो मूळ जागी येतो. दोन कॉइलचा घेतलात तर पायरी शेवटी होती तिथेच राहील. मात्र मग पायरी बाहेर असल्याचा बझर डॅशवर हवाच. फेरीबोटीच्या रॅम्पवर चढताना बाहेर राहिलेली पायरी सगळ्यात आधी घासते. पार्किंग ब्रेक सोडला की पायरी आत, अशी प्रेशर स्विचवरून जोडणी करून घ्या.

प्रश्न : पावसाळ्यात टाकीतून किती दिवसांनी पाणी काढावं? (देवगड)

उत्तर : रोज. पाणी दुधाळ आलं तर कॉम्प्रेसर तेल टाकतो आहे. नितळ पाणी भरपूर आलं तर ड्रायरचं कार्ट्रिज संपलं आहे.

प्रश्न : समुद्रावरून आल्यावर पायऱ्या डिझेलने धुतो. चालेल का? (हर्णे)

उत्तर : बंद करा. डिझेलने रबर फुगतं आणि वाळू चिकटते. गोड्या पाण्याने, पायरी बाहेर काढून, दोन्ही बाजूंनी धुवा. सुकल्यावर सांध्यांना वॉटरप्रूफ ग्रीस लावा, रॉडला मात्र नाही, तो फडक्याने पुसायचा. सिलिंडरच्या आत हौसेने तेल सोडू नका. आतलं कारखान्याचं ग्रीस धुऊन जातं, आणि एकदा तेल द्यायला लागलात की ते कायम द्यावं लागतं.