कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’, मग गोळी कशाला?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ५४. दीड महिन्यापूर्वी सही करताना उजव्या हातातून पेन गळून पडलं, जीभ जड झाली. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. ‘मिनी स्ट्रोक’ असं निदान झालं. एमआरआय चांगला आला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन सुरू केलं आहे. पण माझं एकूण कोलेस्टेरॉल १८४ आणि एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ९८ आहे. दोन्हींपुढे लॅबने ‘नॉर्मल’ छापलंय. वाढलंय ते फक्त ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), २६०. मग त्याचीच गोळी घेऊ का? (एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, ३४, उपाशीपोटी साखर ११२, रक्तदाब १३८/८८, कंबर ९८ सेंमी.)

उत्तर : तुमचं निम्मं उत्तर तुम्हीच कंसात लिहून पाठवलंय.

‘नॉर्मल’ हा शिक्का ज्याला कधी काही झालं नाही अशा माणसासाठी असतो. तुमच्या हातातून पेन पडलं त्या दिवशी तुमची पट्टी बदलली. फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या २,८६० रुग्णांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांना स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक येऊन गेलेला, रक्तवाहिन्यांत चरबीचे थर. निम्म्यांचं एलडीएल ७०च्या खाली आणायचं ठरलं, उरलेल्यांचं ९० ते ११०च्या दरम्यान ठेवायचं. पुढे हृदयाचे आणि मेंदूचे मोठे झटके पहिल्या गटात ८.५ टक्के लोकांना आले, दुसऱ्या गटात १०.९ टक्के. तुमचं ९८ कुठल्या गटात बसतं ते पाहा.

शिवाय ते ९८ बहुधा मोजलेलं नाही, हिशेबाने काढलेलं आहे : १८४ मधून एचडीएलचे ३४ वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग, म्हणजे ५२, वजा. ट्रायग्लिसराइड जितकं जास्त, तितकं हे उत्तर फसवं. म्हणून मी पेन्सिलीने १८४ वजा ३४ एवढंच करतो. १५०. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. तुमच्यासारख्याचं ते १००च्या आत हवं.

आता कंस. पोटाभोवती चरबी साठली आणि शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं, की यकृताकडे चरबीचा लोंढा येतो. यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. मग एचडीएल घटतं आणि एलडीएलचे कण लहान, घट्ट होतात. आकडा तोच, पण कण जास्त. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, रक्तदाब, साखर या पाचांपैकी तीन बिघडले तरी मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमचे पाचही बिघडलेत. पन्नाशीत माझेही चार होते; मी मात्र ‘टोटल’ची ओळ बघून रिपोर्ट मिटत असे. डॉक्टर असून!

ट्रायग्लिसराइडची वेगळी गोळी? मी तरी आत्ता देणार नाही. २०२२ साली मधुमेहाच्या १०,००० हून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पेमाफायब्रेट या ट्रायग्लिसराइड उतरवणाऱ्या गोळीने आकडा चांगला चौथ्या हिश्शाने उतरला, झटके मात्र कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड ५००च्या पुढे गेलं तर स्वादुपिंड सुजण्याची भीती, तेव्हा गोष्ट वेगळी. वजन ५ ते १० टक्के उतरलं, साखर आणि मद्य सुटलं, तर तुमचे २६० बरेच खाली येतील, आणि सोबत कंसातले बाकीचेही हलतील. गोळीने तेवढं होत नाही.

स्टॅटिन बंद करू नका. पण माझी खरी नजर १३८/८८ वर आहे. स्ट्रोकच्या बाबतीत रक्तदाबाइतका मोठा गुन्हेगार दुसरा नाही; तो १३०/८० च्या खाली हवा. मानेच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर (सोनोग्राफीची एक तपासणी) आणि हृदयाची लय तपासल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. राहिलं असेल तर याच आठवड्यात करून घ्या.

आणि पेन पुन्हा पडलं, तर दहा मिनिटं वाट बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास पेन पडल्या क्षणापासून मोजतात.