पंथ सोडला, आता पुढे?

ताई, पहाटे चारला आपोआप जाग येईल. येऊ दे. मला तर सात महिने यायची, हात अंधारातच खुंटीवरची माळ शोधायचा. माळ मी कधीच विहिरीत टाकली होती, पण हाताला कोण सांगणार? उठून सरळ चुलीवर चहा मांडायचे.

पहिल्या वर्षी पऱ्हाटीवर बोंडअळी पडली आणि माझ्या पोटात गोळाच आला. "गुरूची गादी सोडली की घर बसतं" हे बारा वर्षं ऐकलेलं ना! मग धुऱ्यावर उभी राहून पाहिलं, तर शेजाऱ्याच्या वावरातही तीच अळी. तो तर अजून दर गुरुवारी सेवेला जातो. तिथं मला जे हसू फुटलं, बाप्पा!

घरच्यांशी वाद घालत बसू नको. माझी सासू अजून तिकडेच आहे. आम्ही तुरीवर बोलतो, नातवावर बोलतो.

पण पंथवाल्यांनी तुझ्यासाठी पिठाची गिरणी बंद केली, लग्नाला बोलवायचं नाही असं ठरवलं, तर गप्प राहू नको. तारीख-वार वहीत लिही. 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ठाण्यात एकटी जाऊ नको, भावाला सोबत ने.

देव सोडायचा की नाही, ही घाई आत्ता करूच नको. मी अजून खंजिरी भजनाला जाते. मागे बसते, मन झालं की उठून येते. कोणी हजेरी घेत नाही.